नावाआधीची जागा

पाणीखात्याच्या तक्रार विभागात खिडकीला लागून एक हातांची खुर्ची आहे. विभागातल्या बाकीच्या खुर्च्यांना हात नाहीत. हिला दोन हात आहेत, पाठीला गादी आहे आणि तिच्यावर बसणाऱ्या माणसाला विभागप्रमुख म्हणतात. या खुर्चीवर बरीच वर्षं शेरेबुवा बसत आले होते, आणि निवृत्तीपर्यंत तिथून उठायचं नाही एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्यांनी आयुष्यात बाळगली होती. माणसाने फार हाव धरू नये, असं त्यांचं मत होतं.

शेरेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. समोर आलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून खात्याने त्यांना हे नाव ठेवलं आणि पुढे खरं नाव त्यांनाही सही करतानाच आठवू लागलं. नळाला पाणी येत नाही अशी तक्रार आली की ते लिहीत, 'पाहिले. पाणी येत नसल्यास का येत नाही, याचा खुलासा व्हावा.' हा खुलासा कोणी करायचा, नळाने की तक्रारदाराने, हे ते मोघम ठेवत. मोघमपणा हा शेऱ्याचा प्राण आहे. मुलीच्या लग्नपत्रिकेचा नमुना घरी आला तेव्हासुद्धा त्यांनी त्यावर 'मान्य. वरपक्षाकडून पोच घ्यावी' असं लिहिलं होतं, आणि छापखान्याने ते तसंच छापलं होतं. पण तो विषय त्यांच्या घरात काढत नाहीत.

शेऱ्याखाली सही करण्याचीही त्यांची एक पद्धत होती. ओळ सुरू होते तिथे दोन बोटं जागा सोडायची आणि मग नाव लिहायचं. कागदाच्या कडेला चिकटलेलं नाव त्यांना दारात ताटकळणाऱ्या माणसासारखं वाटे.

"ही जागा रिकामी कशाला सोडता हो?" बायकोने एकदा विचारलं होतं.

"रिकामी नाही ती. राखून ठेवलेली आहे," शेरेबुवा म्हणाले. "मानाची जागा आहे."

"बरं," बायको म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ होकारापासून कपाळमोक्षापर्यंत काहीही होऊ शकत असे, म्हणून शेरेबुवांनी पुढे चौकशी केली नाही.

तर अशा सुखाच्या संसारात एक दिवस चहाच्या वेळी मोठे साहेब विभागात आले. मोठे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते, आणि परिषदेहून आलेला साहेब हा तापातून उठलेल्या माणसासारखा जपून हाताळावा लागतो. ते म्हणाले, "खातं आता पूर्ण संगणकावर जाणार. यापुढे विभागप्रमुख तोच, ज्याला संगणकाचं ज्ञान आहे. मला ज्ञान हवं, ज्ञान!" एवढं बोलून त्यांनी शेरेबुवांच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि ते निघून गेले.

ज्ञान म्हणजे नक्की काय, हे कोणी विचारलं नाही. साहेबांना त्यांच्याच शब्दाचा अर्थ विचारणं खात्यात उद्धटपणा समजतात. पण पलीकडच्या टेबलावरचा आवकजावक कारकून, ज्याला सगळे नुसतं आवकजावक म्हणत, तो हातांच्या खुर्चीकडे भाड्याचं घर बघायला आल्यासारखा बघू लागला. शेरेबुवांनी दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर घट्ट ठेवले.

संध्याकाळी ही बातमी घरी पोचली आणि घरातून जिन्यात गेली. जिन्यातून खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वर आले. तेवढ्यात बायकोचा भाऊ, म्हणजे शेरेबुवांचा मेहुणा, ताईकडे चहाला टपकला. हेडमास्तरांकडे इतक्या पदव्या होत्या की त्यांच्या दारावरची पाटी वाचेपर्यंत आलेला माणूस कशासाठी आलो ते विसरे. मेहुणा कॉलेज अर्ध्यावर सोडून, मोबाइलवर बघून बघून प्रोग्रामिंग शिकला होता आणि एका कंपनीत चप्पल घालून कामाला जात होता. दोघांचं एकमेकांविषयीचं मत चांगलं नव्हतं.

"पदवी घ्या," हेडमास्तर म्हणाले. "कागद लागतो. कागदाशिवाय ज्ञान म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट. हल्ली वेगवान ऑनलाइन पदवी निघाली आहे. घरी बसून, आपल्या गतीने. गती असेल तर वर्षभरात हातात."

"भाऊजी, डिग्री कोण बघतं आता?" मेहुणा म्हणाला. "स्वतः शिका. काहीतरी बनवून दाखवा. माझी डिग्री कोणी विचारली का?"

"तुला बघितल्यावर कोण विचारणार?" हेडमास्तर म्हणाले.

मग दोघांचं जे जुंपलं त्यात शेरेबुवा कुठे आहेत, हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पदवीवाल्यांना काम येत नाही आणि स्वतः शिकलेल्यांना का येतंय ते कळत नाही, अशा दोन निष्कर्षांवर येऊन वाद थांबला. बायकोने कप उचलता उचलता विचारलं, "तुम्हाला काय शिकायचंय?"

"मला कुठे काय शिकायचंय?" शेरेबुवा कळवळून म्हणाले. "मला खुर्चीवर बसायचंय!"

एवढं खरं बोलून झाल्यावर त्यांचा निर्णय लांबला. सकाळी दाढी करताना त्यांना पदवी पटे, ऑफिसात जाताना स्वशिक्षण पटे, आणि परत येताना आवकजावक आठवून काहीच पटत नसे. शेवटी आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं. 'दोन्ही प्रस्ताव मान्य' असा शेरा मनातल्या मनात मारला आणि दोन्हीकडे नाव घातलं.

पदवीचा पहिला तास सुरू व्हायचा होता तेव्हा हेडमास्तर जातीने हजर राहिले. शेरेबुवा चष्मा शोधायला आत गेले, आणि कॉम्प्युटर नीट चालतोय ना हे बघायला हेडमास्तर समोरच्या खुर्चीत बसले. पडद्यावर एक गोल आला. 'कृपया हसा' असं लिहून आलं. हेडमास्तर नोकरीत कधी हसले नव्हते, ते इथे हसले. 'विद्यार्थ्याचा चेहरा नोंदवला आहे. अभिनंदन!' असं आलं, आणि शेरेबुवा चष्मा लावून बाहेर येईपर्यंत त्यांच्या नावावर हेडमास्तरांचं तोंड लागलेलं होतं.

शेरेबुवा खुर्चीत बसले की पडदा लाल होई आणि एक मंजूळ आवाज म्हणे, "अनोळखी व्यक्ती आढळली आहे. कृपया विद्यार्थ्यापासून दूर व्हा." स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, बायकोच्या देखत! शेरेबुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस असे गेल्यावर त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यानंतर एक मुलगी आली.

"चेहरा बदलता येईल ना, सर," ती म्हणाली. "फक्त जुन्या चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर येऊन संमती द्यायची."

जुना चेहरा बाजूलाच बसला होता. शेरेबुवांनी त्याच्याकडे आशेने पाहिलं.

"हे बघा," हेडमास्तर घसा साफ करत म्हणाले, "हाती घेतलेला अभ्यास अर्धवट सोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही. आणि कालच्या चाचणीत मी वर्गात पहिला आलोय."

तेव्हापासून रोज हेडमास्तर वहीपेन घेऊन वर येत, विद्यार्थी म्हणून बसत, आणि शेरेबुवा कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेताने दाराआड स्टुलावर बसून कान देत. त्यात हेडमास्तरांना शिक्षकाचा वेग पसंत नव्हता. विद्यार्थ्याने मनन केलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी व्याख्यानं अर्ध्या गतीवर लावली. पडद्यावरचा तरुण शिक्षक नुकताच भूल उतरल्यासारखा एकेक शब्द काढी, आणि मध्येच हेडमास्तर त्याला थांबवून त्याच्या उच्चारातल्या चुका काढीत. वेगवान पदवी अशी रांगत चालली होती. बायकोचं मत असं की हेडमास्तर घरात असताना शेरेबुवा जितके शांत बसतात तितके कधीच बसत नाहीत, तेव्हा पदवीत काहीतरी तथ्य असावं.

दुसरीकडे मेहुण्याने प्रोग्रामिंगची सुरुवात करून दिली. "सोपं आहे, भाऊजी. कॉम्प्युटर म्हणजे एक आज्ञाधारक कारकून. 'जर' असं असेल तर हे कर, 'नाहीतर' ते कर. बस्स."

आज्ञाधारक कारकून शेरेबुवांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे ते हरखून गेले. आठवडाभर घरात 'जर'शिवाय वाक्य सुरू होईना. "जर चहा झाला असेल तर आण, नाहीतर पेपर दे." बायकोने एकदाच उत्तर दिलं, "जर हात असतील तर घ्या, नाहीतर बसा." तेव्हा घरातलं प्रोग्रामिंग थांबलं.

कॉम्प्युटर चुका मात्र फार काढी. लाल अक्षरांत काहीतरी इंग्रजी येई. शेरेबुवांनी सवयीने त्याखाली 'पाहिले. पुन्हा असे होऊ नये' असं टाइप केलं, त्यावर आणखी लाल अक्षरं आली. आपल्या शेऱ्यावर उलट शेरा मारणारा कोणी त्यांना प्रथमच भेटत होता. पण चिकाटी होती माणसाकडे, हे मान्य करायला हवं. 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढं वाक्य छापणारा एक प्रोग्राम त्यांनी तयार केला आणि ऑफिसात नेऊन चालू केला. तो थांबवायचा कसा, हा धडा अजून व्हायचा होता. प्रिंटर जो सुटला तो कपाटातले सगळे कागद संपल्यावरच दमला. विभागभर 'आपली तक्रार नोंदवली आहे' पसरलं होतं, त्यात ज्यांची खरी तक्रार होती ते दोघेतिघे एकेक कागद घेऊन समाधानाने घरी गेले.

तेवढ्यात मोठे साहेब आले. शेरेबुवांनी डोळे मिटले. साहेबांनी घोट्यापर्यंत आलेला कागदांचा ढीग पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! काम दिसतंय!" ते म्हणाले. "शेरेबुवा, आता खात्यातल्या सगळ्या पदांचा तक्ता मला संगणकावर करून द्या. कोण कुठल्या पदावर आहे, कुठली जागा रिकामी आहे, सगळं एका बटणावर."

आवकजावकचा चेहरा उतरला. शेरेबुवांच्या कानात चौघडे वाजू लागले. त्यांनी जेवणाची सुट्टी सोडून नियम लिहिला : नावाच्या ओळीतलं पहिलं घर, म्हणजे पहिल्या अक्षराची जागा, कोरं असेल तर पद रिकामं समजावं, नाहीतर तिथलं नाव छापावं. मेहुण्याने फोनवर ऐकून 'एक नंबर' म्हटलं. मग शेरेबुवांनी स्वतः एकेकाचं नाव भरलं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची नावं कडेला चिकटवून भरली. स्वतःचं नाव आलं तेव्हा पाठ ताठ झाली. बोट आपोआप लांबट बटणावर गेलं, मानाची जागा सोडली गेली, आणि मग नाव आलं.

तक्ता झोकात छापून निघाला. शेरेबुवांनी तो न वाचता साहेबांकडे पाठवला, कारण स्वतःचं लिखाण वाचायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना चहा आला नाही. खात्यात चहा तक्त्याप्रमाणे जातो. ते तणतणत आस्थापना विभागात गेले. तिथल्या बाई जुन्या, कागदावर विश्वास ठेवणाऱ्या. त्यांनी तक्ता काढून दाखवला. 'तक्रार विभाग, प्रमुख : जागा रिकामी.'

"अहो बाई, मी इथे तुमच्यासमोर उभा आहे!"

"दिसताय ना," बाई सहानुभूतीने म्हणाल्या. "पण माझ्या दिसण्यावर काय आहे? संगणक काय म्हणतो ते बघायचं. साहेबांनी जागा भरायचं परिपत्रकसुद्धा काढलंय. अर्ज करा ना तुम्ही. तुम्हाला अनुभव आहे."

शेरेबुवांनी स्वतःच्या जागेसाठी अर्ज केला. अर्जावर विभागप्रमुखाची शिफारस लागते. विभागप्रमुखाची जागा रिकामी, म्हणून तात्पुरता कारभार आवकजावककडे दिलेला. तो हातांच्या खुर्चीत पाय हलवत बसला होता. त्याने अर्ज दोनदा वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि शेरेबुवांच्या डोळ्यांदेखत लिहिलं, 'पाहिले. उमेदवार ओळखीचा वाटतो. खात्री व्हावी.' खाली दोन बोटं जागा सोडून सही केली. खुर्ची जाईल याची भीती शेरेबुवांना होती, पण आपली सहीची पद्धतही तिच्याबरोबर जाईल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

त्या दोन बोटांच्या जागेकडे बघता बघताच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते धावत संगणकाकडे गेले. स्वतःच्या ओळीतलं पहिलं घर कोरं. संगणकाने त्यांचाच नियम त्यांनाच लावला होता, आणि तो खरोखर आज्ञाधारक कारकून निघाला होता.

मुलाखतीच्या दिवशी शेरेबुवा बाकावर बसून घामाघूम झाले. पेच मोठा होता. संगणक चुकला म्हणावं, तर प्रोग्राम आपला, म्हणजे ज्ञान नाही. ज्ञान नाही तर खुर्ची नाही. संगणक बरोबर आहे म्हणावं, तर जागा रिकामी, म्हणजे आपण नाही. आपणच नाही तर खुर्चीवर बसायचं कोणी?

"पदवी आहे?" साहेबांनी विचारलं.

शेरेबुवांनी विद्यार्थ्याचं ओळखपत्र पुढे केलं. साहेबांनी फोटो पाहिला, शेरेबुवांना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"अभ्यासाने फार खंगलात हो," ते म्हणाले. "बरं, स्वतः काय शिकलात?"

आणि इथे शेरेबुवांचा अभिमान आडवा आला. एवढे दिवस अपमान गिळले होते, आता गिळवेना. ते उठले, साहेबांच्या टेबलावरच्या संगणकापाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, संगणक चुकला नाही. चुकलो मी. नाव लिहिताना मी आधी जागा सोडली. मानाची म्हणून सोडली. त्याने ती रिकामी धरली. हे बघा." त्यांनी एक बटण दाबलं. नाव सरकून कडेला चिकटलं. तक्ता पुन्हा आला. 'तक्रार विभाग, प्रमुख' यापुढे त्यांचं नाव, अगदी दाराला टेकून. शेरेबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेब थक्क झाले. ते उभे राहिले. त्यांनी शेरेबुवांचा हात हातात घेतला.

"सगळ्या खात्यात ही चूक कोणाला दिसली नाही! याला म्हणतात ज्ञान!" ते म्हणाले. "असा माणूस तक्रारींमध्ये कुजवायचा? छे! मी आजच संगणक कक्ष काढतो. जिन्याखालची खोली रिकामी करा. शेरेबुवा, तुम्ही कक्षप्रमुख!"

जिन्याखालच्या खोलीत जुने मीटर ठेवत. तिला खिडकी नव्हती. "साहेब, आणि माझी खुर्ची?" शेरेबुवांनी विचारलं.

"ती विभागाची आहे, ती तिथेच राहील. आवकजावक बसेल."

"पण साहेब, त्याला संगणकातलं ओ की ठो कळत नाही!"

"त्याला कशाला कळायला हवं?" साहेब प्रेमाने म्हणाले. "संगणक सांभाळायला आता तुम्ही आहात ना? त्या खुर्चीला आता ज्ञानाची काही गरज उरली नाही."

शेरेबुवा घरी आले तेव्हा बाहेरच्या खोलीत तास चालू होता. पडद्यावरचा शिक्षक अर्ध्या गतीने जांभई दिल्यासारखा बोलत होता. शेरेबुवा मागून गेले तसा पडदा लाल झाला. "अनोळखी व्यक्ती आढळली आहे," मंजूळ आवाज म्हणाला.

"जरा वाकून जा हो," हेडमास्तर मान न वळवता म्हणाले. "माझी हजेरी जाते."

शेरेबुवा वाकून स्वयंपाकघरात गेले. तिथे मेहुणा आधीच जेवायला बसला होता आणि 'बघ ताई, मी म्हटलं नव्हतं, स्वतः शिकलेला माणूस कुठल्या कुठे जातो' असं सांगत होता. बायको वाढत होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"अगं, खुर्ची गेली," ते म्हणाले. ते तसेच उभे राहिले. टेबलाशी एक जागा होती, तिच्यासमोर ताट मांडलेलं होतं, पाण्याचा पेला भरलेला होता. पण इतके दिवस ज्याला सगळीकडून उठवलं, त्याचा आपल्या बसण्यावर भरवसा राहत नाही. त्यांनी त्या जागेकडे बोट केलं आणि विचारलं, "ही रिकामी आहे का?"

"रिकामी नाही ती," बायको म्हणाली. "राखून ठेवलीय. मानाची आहे. बसा आता, गार होतंय."

शेरेबुवा बसले. त्यावर मारण्यासारखा शेरा काही त्यांना सुचला नाही.